भांगेच्या सुताची चड्डी

बेल्हे, ता. जुन्नर
रविवार, २६ नोव्हेंबर २००६

प्रिय सरू,

लिहिलं बघ. एवढा एक शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. आधी 'सोपानच्या आईस' असं लिहिलं होतं, ते खोडलं. मग नुसतं 'अगं' लिहिलं, पण 'अगं' म्हणून पत्र कुणी लिहितं का? छत्तीस वर्षांत तुला नावानं हाक मारली नाही. आपल्याकडं मारतच नाहीत, त्यात माझ्या एकट्याचा काय दोष. लग्नात उखाण्यात तुझं नाव घ्यायला लावलं होतं तेवढंच, तेही मी पुटपुटलो म्हणून तुझ्या घोडेगावच्या मावशीनं दुसऱ्यांदा घ्यायला लावलं. तर हसू नकोस. हसलीस तरी चालेल, पण हे पत्र सूनबाईला दाखवू नकोस आणि सोपानला तर मुळीच नको. यात चड्डीचं लिहिलंय.

तुझी पिशवी सावळेरामनं दिवाळीनंतरच्या आठवड्यात आणून दिली. टेम्पो पुण्याच्या मार्केट यार्डात रिकामा करून आला आणि दारातूनच ओरडला, गेणूभाऊ, वहिनींनी खाऊ धाडलाय. मी चार माणसांदेखत पिशवी उघडली आणि आतून निघाल्या तीन चड्ड्या. खाऊ! सावळेराम तोंड फिरवून हसला, ते मला दिसलं. चड्ड्यांबरोबर तू शिवणकामाला जातेस त्या मॅडमचा छापील कागद होता. त्यात लिहिलेलं, की हे कापड भांगेच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या वाखाचं आहे, ते झाड हिमालयाच्या बाजूला डोंगरात होतं, त्याला पाणी कमी लागतं, औषध मारावं लागत नाही, आणि आम्ही त्याची आत घालायची कापडं शिवतो, तरी आपण वापरून पाहा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं कळवा. मी टोमॅटोवर आठवड्याला पंप घेऊन फिरणारा माणूस. औषधाशिवाय वाढणारं झाड म्हटल्यावर मी कागद दोनदा वाचला.

चड्डी हातात घेतल्यावर माझा हात सवयीनं डाव्या बाजूच्या चोरखिशाकडं गेला, आणि खिसा होता. शहरातल्या चड्डीला खिसा कुठला? तो तू माझ्यासाठी लावलास. त्यातच तुझी चिठ्ठी. 'मॅडम म्हणतात दोन वर्षं कायमच्या राहा, नव्या बायकांना शिकवा. आरोही आता बसायला लागली, नातीसाठी म्हणून मला इथं थांबायची गरज नाही. पण मला हे काम आवडतं. तुम्ही सांगाल तसं करीन. राहू का येऊ?' एवढंच. मी ती चिठ्ठी पुन्हा त्याच खिशात ठेवली. त्या गोष्टीला महिना होत आला. त्यातले शेवटचे तीन रविवार तू फोन केला नाहीस, आणि का केला नाहीस ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. त्याकडं येतो मी. आधी कागदावरच्या प्रश्नांचं बघू, कारण ते सोपे आहेत.

पहिला प्रश्न, घातल्यावर कसं वाटलं. खरं सांगू का, पहिल्या दिवशी दोर कमरेला बांधल्यासारखं वाटलं. भांग म्हटल्यावर गावानं काय करायचं ते केलंच. आपल्या खालच्या वावरात खतासाठी यमाजीची मेंढरं बसवली आहेत, तर तो यमाजी रोज सकाळी विचारायचा, "भाऊ, कमरंतून वर चढती का डोक्यात?" मी म्हटलं चढत नाही, नुसती टोचते. माझं डोकं आपलं एकाच ठिकाणी. वाख म्हटला की मला आपली अंबाडी दिसते. बांधावरची अंबाडी कापायची, कुजवायची, वाख सोलायचा आणि त्याचं दावं वळून बैलाच्या गळ्यात बांधायचं. ते आता माझ्या कमरेला आलं म्हणायचं. चार दिवस मी तसाच फेंगडा चालत होतो. बाजारात एकानं विचारलंसुद्धा, पावणं, पायाला काय झालं?

तुला आठवतं का, पूर्वी माझ्या चड्ड्या तू हातानं शिवायचीस? मशीन तेव्हा नव्हतं. माझी एक जुनी चड्डी उसवून तिचे तुकडे तू पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होतेस, त्यावर कापड ठेवून कापायचीस. ओतूरहून आणलेलं ते निळ्या पट्ट्यांचं कापड, त्यातून माझ्या दोन चड्ड्या आणि उरल्यातून उशीचा अभ्रा. सोपानला बघायला आशाचे वडील आले होते तेव्हा मी वाकून चप्पल उचलायला गेलो, धोतराखालून चड्डी दिसली, आणि कॉटवरची उशीही त्याच पट्ट्यांची. ते बिचारे कधी उशीकडं बघत होते, कधी माझ्याकडं. तू आत चहाची बशी धरून हसत होतीस, बशी वाजत होती. मला त्या दिवशी राग आला होता. आता येत नाही. ती उशी अजून आहे, मी तीच घेतो.

आणि या दिवाळीत तू चार दिवस आलीस, तेव्हा पहाटे मला उटणं लावताना एकदम सुतळी घेऊन माझ्या कमरेभोवती फिरवलीस. मी म्हटलं हे काय, तर म्हणालीस काही नाही, बारीक झालात. मला वाटलं काळजीनं मोजलंस. ते चड्डीचं माप होतं, हे पिशवी उघडल्यावर कळलं. लबाड आहेस. पण बारीक झालो हेही खरं असावं, कारण जुन्या चड्ड्यांची नाडी आता दोन बोटं जास्त ओढावी लागते, आणि तुझी बरोबर बसते. त्या चार दिवसांत तू कामाचं एक अक्षर बोलली नाहीस. फक्त तुझे हात जागेवर नव्हते. परकराची शिवण उलटी करून बघ, पडद्याची टीप बघ, शेजारच्या कुशाबाईच्या ब्लाऊजची बाही उसव. मी आपला समजत होतो की बाईला घरी करमतंय.

दुसरा प्रश्न, कापड किती धुण्यांनंतर मऊ पडलं. इथं मी घोळ घातलाय आणि तो कबूल करतो, कारण उद्या यमाजी कुणाकडून तरी तुझ्या कानावर घालेलच. चार दिवस टोचल्यावर मी विचार केला, की च्यायला, वाख आहे ना हा? मग वाख मऊ कसा करतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको. तुझी चिठ्ठी खिशातून काढून पेटीत ठेवली आणि मी तिन्ही चड्ड्या ओढ्याच्या डोहात नेऊन भिजत घातल्या. अगदी अंबाडीसारख्या. सुतळीनं एकत्र बांधल्या, वर चपटा दगड ठेवला, आणि आठ दिवस पुरे व्हायची वाट बघत बसलो.

डोहाकाठी बसलो की तू आठवायचीस, त्याला मी काय करू. लग्नाचं पहिलं वर्ष. तुझ्या माहेरी अंबाडी नुसती भाजीला, कुजवायची माहीत नाही. माझ्या आईनं तुला वाख सोलायला डोहावर धाडलं आणि त्या वासानं तू पदर नाकाला लावून काठावरच बसलीस. आई वरून ओरडत होती, की आंबेगावच्या पोरी नाजूकच. ती पाठ फिरवून गेली आणि मी तुझ्या वाटणीच्या पेंढ्या ओढून घेतल्या, दोघांचं काम एकट्यानं केलं. तू तेवढा वेळ मला माहेरच्या गोष्टी सांगितल्यास, म्हशीची, नदीची, तुझ्या त्या पळून गेलेल्या बोकडाची. संध्याकाळी आई तुला म्हणाली, शिकलीस की गं. तू मान खाली घालून हो म्हणालीस आणि माझ्याकडं बघितलंस. सरू, ते बघणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, पण त्या वेळी मी तुला काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. आईसमोर बायकोशी बोलत नसत, पण ती चुलीपाशी गेल्यावर बोलता आलं असतं.

असो. सातव्या दिवशी यमाजी मेंढरं पाण्यावर घेऊन आला आणि त्याच्या कुत्र्यानं सुतळी ओढून सगळं बाहेर काढलं. हिरवं, बुळबुळीत, वास तर असा की मेंढरं मागं सरली. यमाजीनं काठीनं एक चड्डी उचलून धरली आणि म्हणाला, "गेणूभाऊ, तुमची आंबाडी औंदा नाडीसकट उगावली!" मग तो खाली बसून हसला. मी त्याला वाख कसा कुजवतात ते समजावून सांगायला लागलो, तशी त्याची गजराबाई पुढं आली. तिनं कापड दोन बोटांत धरून चोळलं, उन्हाला धरून बघितलं. त्या बाईचा सगळा जन्म लोकर कातण्यात गेलेला, तिला सूत कळतं. म्हणाली, "आवो भाऊ, वाख कवाच कुजवून झालाय ह्याचा, त्याबिगर का सूत निघालं? आता निस्तं धुवायचं व्हतं. चांगल्या सुताचं वाटुळं करत व्हता तुमी." आणि तिनंच तिन्ही चड्ड्या रिठ्यानं धुऊन दिल्या. त्यातली एक गेली, शिवणीपाशी विरली. नाड्या तिन्ही गेल्या. पण बाकी दोन अशा मऊ निघाल्या की काय सांगू. तुझ्या मॅडमला हे कळवू नकोस. कागदावर मी 'पाच-सहा धुण्यांनंतर' असं लिहिलंय.

बाकी प्रश्नांची उत्तरं थोडक्यात. खाज नाही. घामाचा वास धरत नाही, दिवसभर कांद्याच्या रोपात वाकून काम केलं तरी नाही. सकाळी धुतली की दुपारच्या आत वाळते. कुठं वाळत घालता, असंही विचारलंय, त्याचं मला नवल वाटलं, पण कळलं मग. तू जन्मभर स्वतःची आतली कापडं टॉवेलाखाली, मागच्या बाजूला, ऊन न लागणाऱ्या दोरीवर घातलीस, पावसाळ्यात ती ओलीच अंगावर चढवायचीस आणि अंगाला चट्टे उठायचे. मी ते चट्टे बघितलेत आणि एकदाही म्हटलं नाही की उन्हात घाल, कोण काय म्हणतंय. माझ्या पट्ट्यांच्या चड्ड्या मात्र समोर अंगणात फडफडायच्या, सगळ्या गावानं बघाव्यात अशा. तू चिठ्ठीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंयस की तूही आता हेच कापड घालतेस आणि गच्चीवर उन्हात वाळवतेस, अंग बरं आहे. ते वाचून मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

घरचं विचारशील तर सगळं ठीक आहे. गाय दूध देते, पण काढताना शेपटी मारते, तुझ्या वेळी मारत नव्हती. कुशाबाई शेजारधर्मानं भाकरी धाडते, कालवणाचं मी बघतो. पिठलं जमतं. भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो, ते कसं होतं ते कळव. परवा बिबट्यानं मळ्यातल्या कुणाची तरी कालवड ओढली, म्हणून मी दिवस मावळायच्या आत घरात येतो. घरात आलो की 'अगं' म्हणतो. अजून म्हणतो. सहा महिने झाले तरी तोंडाची सवय जात नाही, आणि मग आपलं आपल्यालाच कसंतरी वाटतं. तुझी आठवण येते. हे असं लिहायला मला कुणी शिकवलं नाही, जुनी अकरावी नापास माणूस मी, पण लिहिलं.

आता त्या रविवारचं. तुझी चिठ्ठी मिळाली त्याच्या पुढच्या रविवारी तू नेहमीसारखा धर्माजीच्या दुकानात फोन केलास. दुकानात तेव्हा कोण कोण होतं ते तुला दिसलं नाही. धर्माजी, यमाजी, सावळेराम आणि सोसायटीतले दोघं, पाच जण होते, आणि पाचही जण गप्प बसून ऐकत होते. तू विचारलंस, मग काय ठरवलंत? आणि मी त्या पाच जणांकडं बघून मोठ्यानं म्हणालो, "राहा की! हितं माझं काय अडलंय?" धर्माजी म्हणाला, शाब्बास.  तू नुसतं 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. लोक हसले, मीही हसलो. घरी येईस्तोवर माझं तोंड कडू झालं होतं. मला वाटलं होतं की तू म्हणशील, नाही हो, मी येते. मला तेच ऐकायचं होतं. तू ते म्हणाली नाहीस म्हणून मी पुढं आठवडाभर तुझ्यावरच चिडून होतो, काय माणूस आहे मी बघ.

मग पुढच्या रविवारी तुझा फोन आला नाही, धर्माजीच्या बाकावर दुपारपर्यंत बसलो, फोन वाजला तो दुसऱ्याचाच. त्याच्या पुढचाही, गेल्या आठवड्यातला, तसाच जाणार असं मला आधीच कळलं, आणि गेला. अरे हो, तू मोजशील म्हणून सांगतो, आजचा धरून तीन. तर गेल्या मंगळवारी मी पुण्याला आलो होतो. दचकू नकोस. सावळेरामच्या टेम्पोत मागं टोमॅटोच्या क्रेटवर बसून आलो, पुढं जागा नव्हती. साडेतीन तास. तुमच्या कागदावर 'प्रवासात त्रास झाला का' असा प्रश्न आहे, त्याचं उत्तर तिथंच मिळालं: नाही झाला, कुठं काचलं नाही. मी तुला घेऊन जायला आलो होतो. मनाशी सगळं पक्कं होतं. म्हणायचं, बास झालं, चल घरी, टेम्पो दुपारी परत निघतोय.

यार्डातून बसनं धनकवडीला आलो, बिल्डिंग सापडली. वर सोपानकडं गेलोच नाही, खाली गॅरेजमधून मशीनचा आवाज येत होता तिकडं वळलो. शटर अर्धं वर होतं. स्कुटरी लावलेल्या असतात ना, त्यांच्या मागं मी थांबलो, म्हटलं जरा घाम पुसावा आणि मग जावं. तुझं मशीन दाराजवळच. तू चष्मा लावला होतास. मी म्हणायचो चष्मा करून घे, तर म्हणायचीस मला कशाला, मला काय वाचायचंय. एक पॅन्टवाली पोरगी कापड घेऊन तुझ्याकडं आली आणि म्हणाली, "सरूताई, हे बघा ना, जमलंय का?" तू ते हातात घेतलंस, उलटं केलंस, एका झटक्यात टीप उसवलीस आणि तिला परत कशी घालायची ते दाखवलंस. ती काहीतरी बोलली आणि तू हसलीस. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. आतून दुसरीनं हाक मारली, सरूताई, धागा कुठला घेऊ. मग तिसरीनं. सरूताई, सरूताई. त्या तासाभरात तुझं नाव मी जेवढं ऐकलं, तेवढं आपल्या घरात छत्तीस वर्षांत कुणी घेतलं नसेल.

मी आत आलो नाही. पाय निघेना. घरी न्यायला आलेला माणूस, आणि त्याला कळत नव्हतं की काय सांगून न्यायचं. मी तुझ्या चिठ्ठीतलं ते वाक्य आठवत उभा होतो, 'मला हे काम आवडतं.' सरू, तू आजवर मला आवडतं म्हणून काहीच सांगितलं नव्हतंस. मला काय आवडतं ते तुला सगळं पाठ आहे, वांग्यात खोबरं किती आणि चहात साखर किती. तुला कुठली भाजी आवडते, हे मी तिथं उभा राहून आठवायचा लई प्रयत्न केला. आठवेना, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मग मी पिशवी वॉचमनकडं दिली आणि सांगितलं, की सरूताईंना द्या, गावाकडच्या टेम्पोवाल्यानं आणली म्हणा. त्या शेंगा, पावटा आणि नवी बाजरी सावळेरामनं दिली नव्हती. मी आणली होती. तुमच्या शटरपासून दहा पावलांवर मी तासभर होतो आणि तुला न भेटता परत आलो, हे तुला न सांगता मला राहवेना.

तर आता उत्तर. चड्डीचं एवढं पुराण लावलं, कारण मला नीट बोलायला वेळ लागतो, पण पत्र लिहायला घेतलं ते याच्यासाठी. फोनवर मी 'राहा' म्हणालो, ते तुला लागावं म्हणून म्हणालो होतो, आणि ते लागलं. ते मी परत घेतो. माझं काही अडत नाही, हे साफ खोटं आहे, मी पाच जणांसमोर खोटं बोललो. मी 'ये' म्हणालो तर तू दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरशील, मशीनवर कापड टाकून येशील, आणि पुन्हा कधी आवडतं म्हणून तोंडातून काढणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून मी ते म्हणणार नाही. मॅडमला हो सांग. दोन वर्षं म्हणतात ना, दोन वर्षं. मी महिन्यातून एकदा येत जाईन, शटरच्या आत येईन, आणि तुझ्या त्या पोरींसमोर तुला नावानं हाक मारीन, मग तोंडाला पदर लाव नाही तर नको लावू. पुढच्या रविवारी फोन कर, दुकानात कितीही माणसं असली तरी मी तेच बोलेन जे इथं लिहितोय. माझं अडतं, सरू. सकाळी उठल्यापासून अडतं. तरी राहा.

इथं बेल्ह्यात असलो तरी तुझाच,
गेणू